मोटारीच्या हेडखालची गळती

पद्मिनी मोटार टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ सालीं निवृत्त झाली. तथापि कांहीं घरांच्या अंगणांत ती अजून नांदते आहे. तिच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचें. आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. या दोन विजोड शेजाऱ्यांमध्यें सलोखा राखतें तें गॅस्केट. तें फुटलें कीं रेडिएटरचें पाणी बाहेर न सांडतांच घटतें, आंतलें तेल दुधाळ होतें.

आमच्या एका शेजाऱ्यांनीं वर्कशॉपमधून गॅस्केट दोनदां बदलून घेतलें. दोन्ही वेळां महिन्याभरांत गळती पुन्हां सुरू! तिसऱ्या खेपेस आम्हीं हेड घरींच उतरविलें. इंजिन पुरतें गार होऊं दिलें, पाणी काढलें, नट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे सैल केले. मग हेडच्या तळावर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी, तिरपी धरून तिच्याखालीं फीलर गेजचें पातें सरकवून पाहिलें. मधोमध फट! पूर्वीं केव्हांतरी इंजिन अति तापून हेड वांकलें होतें. अशा तळाखालीं नवें गॅस्केट टिकणार कसें? तळ यंत्रावर सपाट करून आणावा लागला. तें काम घरचें नव्हे.

बसवितांना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे हवेत. नट मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्कच्या पान्ह्यानें पुस्तिकेंतील मापापर्यंत आवळावेत. मनगटाच्या अंदाजावर विसंबणारे कारागीर पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयीं आदर राखूनहि मी पान्ह्याचाच पक्ष घेईन. शेवटीं पाणी भरून, गार इंजिन झांकण उघडें ठेवून चालूं करावें. कोंडलेली हवा निघून गेल्यावर बुडबुडे थांबले पाहिजेत.