ठोकळ्यांची पाणचक्की

(मंडळाच्या गणेशोत्सवात छत्रीबागेतील कार्यक्रमात झालेले भाषण)



मंडपात शिरताना डाव्या हाताच्या टेबलावर एक पाणचक्की ठेवली आहे. माझी नात आणि मी मिळून ती उन्हाळ्याच्या सुट्टीत बांधली. काही ठोकळे तिच्या लहानपणचे, काही शेजारपाजारच्या मुलांकडून आणलेले. "प्लॅस्टिकच्या खेळण्यावर भाषण कसलं?" असं आमच्या घरातच विचारून झालं आहे, तेव्हा तुम्ही विचारलंत तरी मला राग नाही.

हे एकमेकांत अडकणारे लेगोचे ठोकळे मूळ डेन्मार्कचे. बिलुंड गावातल्या एका सुतारानं १९३२ साली ही कंपनी काढली, आणि आजच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं आहे. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात नेमका बसतो. त्यामुळे ही खेळणी मोठ्या भावंडाकडून धाकट्याकडे जातात, रद्दीत जात नाहीत. आणि बांधकामाचे नियमही गवंड्याचेच. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, नाहीतर भिंत दोन बोटांनी ढकलली तरी उभी चिरते.

पाणचक्की म्हटलं की चित्रात दिसते ती युरोपातली. भिंतीला लागून उभं मोठं चाक. इंग्लंडात १०८६ साली राजानं केलेल्या मोजदादीत अशा सहा हजारांच्या आसपास चक्क्या नोंदल्या आहेत. त्या उभ्या चाकाचा आस आडवा असतो आणि जातं फिरायला हवा उभा आस. म्हणून मध्ये दातेरी चक्रांची जोडी लागते. ठोकळ्यांच्या संचात अशी चक्रं मिळतात, आठ दात्यांची, चाळीस दात्यांची. मोठं एकदा फिरलं की लहान पाच वेळा फिरतं. पाढे पाठ न करणाऱ्या मुलालासुद्धा हा भागाकार डोळ्यांनी दिसतो.

आम्ही मात्र आपल्या मुलखातली चक्की निवडली. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची पाणचक्की आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेरूळला जाता-येता ती पाहिली असेल. तिथे उभं चाक दिसत नाही, कारण पात्यांचं चक्र आडवं, जात्याच्या खाली आहे. वरून पडणारं पाणी पात्यांवर आदळतं, उभा आस फिरतो आणि त्याच आसावरचा दगड फिरतो. मध्ये दातेरी चक्र नाही. आपल्या आजीचं जातंच म्हणा ना, फक्त खुंट्याला हात पाण्याचा. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी तिथे दळण होत असे. समोरचा हौद तर पाहण्यासारखा. त्याचा तळ हेच खालच्या दालनाचं छत! ते छत ठोकळ्यांत पेलवताना आमचे चार दिवस गेले, आणि त्या काळच्या कारागिरांबद्दल जो आदर वाटला तो पुस्तक वाचून वाटला नसता.

चक्की झाली, करडा रंग जमला, दगड फिरू लागला. तेव्हा नातीनं विचारलं, "आजोबा, पाणी कुठून येणार?"

खरा विषय इथे सुरू होतो. त्या चक्कीचं पाणी डोंगराकडून कित्येक किलोमीटर येतं. जमिनीखालून खापराच्या नळांतून, वाटेत दाब सांभाळणारे उसासे बांधून, आणि पंपाशिवाय, केवळ उतारावर. कात्रजहून शनिवारवाड्याला पाणी आणताना पेशव्यांच्या कारागिरांनीही उसासे बांधले होते. आमच्या चक्कीतला माणूस चार सेंटिमीटरचा, म्हणजे प्रमाण साधारण एकास चाळीस. त्या प्रमाणात नहराच्या एका किलोमीटरला पंचवीस मीटर लागतात. चक्की टेबलावर मावली. नहर मांडायचा तर आपल्या गल्लीच्याही बाहेर जाईल. लोक फोटो काढतात तो चक्कीचा. कष्ट, अक्कल आणि देखभाल मात्र त्या न दिसणाऱ्या नहरात आहे. तो बुजला की उरतो फक्त देखावा.

इंदूरकरांना हे मी वेगळं सांगायला नको. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी या शहरानं आंदोलन केलं, त्यातले काही जण आज समोर बसले आहेत. पुढे १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली. जलूदपासून सुमारे सत्तर किलोमीटर, विजेच्या पंपांनी विंध्याचा चढ चढून. आपल्या नातवंडांना मात्र पाणी नळातून येतं एवढंच माहीत आहे. आणि आपल्याच शहरातून वाहणारी कान्ह आपण नाला म्हणून ओळखू लागलो. नदी आपण गमावली, निदान पाणी कुठून येतं हे ज्ञान तरी गमावू नये.

म्हणून मंडळाला एक विनंती. दिवाळीत आपली मुलं किल्ला करतात, तो जरूर करावा. पण यंदा किल्ल्यासोबत त्याचं टाकं, विहीर, नहर काहीतरी दाखवावं. माती असो, पुठ्ठा असो वा ठोकळे, आमची हरकत नाही. आणि परीक्षकांनी बुरूज मोजण्याआधी एकच प्रश्न विचारावा: या गडावर पाणी कुठून येतं? उत्तर शोधायला मूल आजी-आजोबांकडे येईल. आपल्यापाशी वेळही आहे आणि सांगण्यासारखंही पुष्कळ आहे.

टेबलावरची चक्की मुलांनी हात लावूनच पाहावी. शेजारी तांब्या भरून ठेवला आहे. फक्त पाणी बेतानं ओता, नर्मदेचं आहे.

गणपती बाप्पा मोरया!