चेहरा बघू नका, ऐकून घ्या

(पूर्णा, ता. भिवंडी येथे स्त्री-कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी आपल्यातल्या एकीने इथल्या गोदामात काम करणाऱ्या बाईची हकीगत सांगितली. नवऱ्याने मारलं म्हणून ती तक्रार द्यायला गेली, तर तिला ऐकावं लागलं, "मार खाल्लेली दिसत नाहीस. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही." तोंड धुऊन, केस विंचरून ती गेली होती. चार लोकांत जायचं तर आपण सगळ्या तेच करतो.

चेहरा बघून बाईचं खरं-खोटं ठरवायची ही सवय जुनी आहे. दीडशे वर्षांपूर्वी चेहरा वाचण्याला शास्त्राचा मान मिळाला आणि त्या कामाला कॅमेरा जुंपला गेला.

फ्रान्समध्ये द्युशेन नावाचे डॉक्टर होते. कोणता स्नायू आखडला की चेहऱ्यावर कोणता भाव उमटतो, हे ते विजेच्या झटक्याने शोधत. त्यांनी मुख्यतः एका म्हाताऱ्यावर प्रयोग केले. त्याच्या चेहऱ्याला संवेदनाच नव्हती. विजेची टोकं टेकवून त्याच्या तोंडावर भीती, दुःख, हसू उमटवलं आणि फोटो काढले. १८६२ साली त्यांचं पुस्तक आलं. मला त्यातून एवढंच कळतं, की भीती न वाटताही भीतीचा चेहरा करता येतो.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात डॉ. शार्को बायकांच्या 'हिस्टेरिया'चा अभ्यास करत. तिथल्या बूर्नव्हिल आणि रेन्यार यांनी १८७६ ते १८८० या काळात रोगी बायकांच्या फोटोंचे ग्रंथ काढले. त्यांत गाजली ती ऑगस्टिन. १८७५ साली आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची पोर. तिच्या फोटोंखाली नावं छापली, 'प्रेमाची विनवणी', 'परमानंद'. आणि तिच्याच हकिगतीत नोंद आहे, की तेराव्या वर्षी, आई ज्याच्याकडे कामाला होती त्या माणसाने वस्तऱ्याचा धाक दाखवून तिच्यावर बलात्कार केला. झटका आला की ती त्या माणसाला हाकलायला बघे. डॉक्टरांनी तिचं बोलणं लिहून घेतलं, पण रोगाचं लक्षण म्हणून. जबाब म्हणून ते कोणी ऐकलं नाही. १८८० साली ती पुरुषाचे कपडे घालून तिथून पळाली.

आता आपल्याकडे या. भाव सगळ्या माणसांच्या चेहऱ्यावर सारखेच उमटतात का, हे शोधायला डार्विनने १८६७ साली जगभर छापील प्रश्न पाठवले. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, बरीच वर्षं राहिलेल्या अर्स्किन साहेबाने लोकांचे चेहरे न्याहाळले. द्युशेनचे फोटो ज्यात आहेत, त्या १८७२ च्या पुस्तकात डार्विन सांगतो, की अर्स्किनला खात्रीने काही म्हणणं अवघड गेलं. कारण गोऱ्या माणसासमोर भावना लपवायची इथल्या लोकांना सवयच होती. मग काही मुद्द्यांवर त्याने इथल्या हुशार गृहस्थांना विचारलं. बाईला विचारल्याचा तिथे उल्लेख नाही.

नगरच्या त्या माणसांना आपण ओळखतो. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्यासमोर चेहरा बंद ठेवायचा. सासरी नांदणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

हे जुनं झालं म्हणू नका. २०२१ साली गोव्यात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने बलात्काराच्या एका खटल्यात आरोपीला निर्दोष सोडलं. निकालपत्रात इतर कारणांबरोबर हेही होतं, की घटनेनंतरच्या फोटोंत ती बाई हसरी, आनंदी दिसते. निकालाचा वाद मी इथे घालत नाही. पण फोटोवाल्याने 'हसा' म्हटलं की आपण हसतो. ते हसू कशाचा पुरावा?

बोट नुसतं कोर्टाकडे दाखवून भागणार नाही. मी स्वतः एकदा सुजलेल्या तोंडाच्या एका बाईचा फोटो आमच्या प्रदर्शनात लावला होता. ती प्रदर्शन बघायला आली, आपल्याच फोटोपुढे थांबली आणि म्हणाली, "ताई, माझी पोरगी ह्याच शाळेत येते." मी तिची माफी मागितली, फोटो उतरवला. तोवर किती जणांनी तो पाहिला असेल! तिला न विचारता तिचा चेहरा मीही वापरलाच होता.

म्हणून फोटो काढण्याआधी विचारा. तो कुठे जाणार ते सांगा. नाही म्हणाली तर थांबा. जखमेचा फोटो केसला लागतो, तो तारीख टाकून जखमेपुरता घ्या. बलात्कार झालेल्या बाईची ओळख जाहीर करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. वैद्यकीय तपासणीला तिची संमती लागते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तपासणीतला कुठलाही भाग ती नाकारू शकते. हे तिला आधी सांगायचं काम आपलं.

आणि आपल्या वहीत 'रडत होती', 'शांत होती' असले शेरे नकोत. ती आगरीत बोलली तर आगरीत, हिंदीत बोलली तर हिंदीत, तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा.

संध्याकाळी आपण त्या गोदामातल्या बाईबरोबर पुन्हा तक्रार द्यायला जाणार आहोत. ती तोंड धुऊन, केस विंचरूनच येईल. येऊ दे.