आर्टिकलशिपचे दार कोणासाठी?



मुंबईच्या उच्च न्यायालयात वकील आणि सॉलिसिटर हे दोन वर्ग दीर्घकाळ वेगळे होते. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमधून ‘अ‍ॅटर्नी’ हा स्वतंत्र वर्ग नाहीसा झाला. कायद्यातील भिंत पडली. दार मात्र अरुंदच राहिले. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आजही होते आणि तिच्यासाठी सॉलिसिटरच्या हाताखाली ३ वर्षांची आर्टिकलशिप करावी लागते.

ही जागा मिळते कशी? घाटकोपरच्या चाळीतील किंवा मुलुंडच्या कामगारवस्तीतील मुलगी फोर्टमधल्या कचेऱ्यांकडे अर्ज धाडते. तिच्या घरी ना वकील, ना ओळखीचा अशील. मुलाखतीत कायद्याच्या ज्ञानाबरोबर इंग्रजी उच्चारही तोलले जातात. जागा मिळालीच, तर तुटपुंज्या विद्यावेतनात लोकलचा पास, पुस्तके आणि घरखर्च भागवायचा. ज्याचे घर ३ वर्षे पोसू शकते, तोच टिकतो. आणि त्या टिकण्यालाच मग ‘गुणवत्ता’ म्हटले जाते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरांतील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, असे सुचविले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. शिफारशीवर चूल पेटत नाही.

म्हणून मागणी साधी आहे: जागा जाहीर व्हाव्यात, निवडीचे निकष लेखी असावेत, विद्यावेतन बंधनकारक व्हावे. अंधेरी-बोरिवलीच्या कार्यकर्त्यांनी विधी महाविद्यालयांच्या दारापासूनच या मागणीला आरंभ करावा. न्याय मागणाऱ्यांची मुले न्यायाच्या कचेरीबाहेर ताटकळत राहता कामा नयेत.