अंगणातील कोंबडी आणि ऋतूंचे भान
(ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

ग्रामविकासाच्या चर्चेत गाय येते, बैल येतो, अलीकडे शेळीही येऊ लागली आहे. अंगणात दाणे टिपत फिरणारी कोंबडी मात्र क्वचितच येते. कारण उघड आहे. तिची किंमत कमी, तिच्यासाठी कर्ज काढावे लागत नाही आणि तिचा कारभार असतो घरातील स्त्रीच्या हाती. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, मावची, कोकणी पाड्यांवर बैल विकावा की नाही हे पुरुष ठरवतो. कोंबडी विकावी की नाही हे बहुधा बाई ठरवते. मुलाची वही, दवाखान्याला जाण्याचे भाडे, आठवडी बाजारातील मीठ-मिरची हे सारे त्या आठ-दहा कोंबड्यांतून निघते. आहाराविषयी प्रत्येक घराचे संस्कार वेगळे असतील. तथापि ज्या घराचा आधारच हे पक्षी आहेत, त्या घराकडे पाठ फिरवून ग्रामविकास होत नाही. ज्या सकाळी खुराडे उघडावे आणि आत एकही पक्षी उभा नसावा, त्या सकाळी त्या बाईचे दिवाळे निघालेले असते. त्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही.

निसर्गाच्या स्वाधीन म्हणजे नैसर्गिक नव्हे

‘नैसर्गिक संगोपन’ हा शब्द आज प्रतिष्ठा पावला आहे. शहरातील बंगल्यांच्या आवारातही हौसेने कोंबड्या दिसू लागल्या आहेत. परंतु पुष्कळांची समजूत अशी की, पक्षी मोकळे सोडले, चार दाणे फेकले, की झाले नैसर्गिक. ही समजूत घातक आहे. रानातील कोंबडी झाडावर वस्ती करते, जागा बदलत राहते, गर्दी करीत नाही. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबडा पाहावा. आजच्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा असला, तरी तिच्या त्वचेच्या पिवळ्या रंगाचा गुण या राखी रानकोंबड्याच्या कुळातून आला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. माणसाने या रानपक्ष्याला अंगणात आणले, रात्री एका खुराड्यात कोंडले, शेजाऱ्यांच्या पक्ष्यांत मिसळू दिले. म्हणजे त्याचे जे संरक्षण रान करीत होते, ते करण्याचे दायित्व माणसाने स्वीकारले. ते न पाळणे याला निसर्ग म्हणत नाहीत, दुर्लक्ष म्हणतात.

दुसरी गोष्ट जातीची. हैदराबादच्या संस्थेने विकसित केलेली वनराजा, बंगळुरूची गिरिराजा या सुधारित जाती परसासाठीच तयार झाल्या. गावठी कोंबडीपेक्षा त्यांची अंडी आणि वजन निश्चितच अधिक. परंतु वनराजा सहसा खुडूक होत नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडीच देते, पण दहा-बारा अंड्यांवर एकवीस दिवस बसते, पिल्ले काढते आणि घारीवर चोच उगारून ती वाढवते. पाड्यावरील घरात अंडी उबवण्याचे यंत्र ती स्वतःच असते. म्हणून सुधारित पक्षी आणावेत, पण खुडूक बसणारी चार गावठी कोंबड्यांची शिदोरी मोडू नये.

वर्षाचे चक्र

चैत्र-वैशाखात उष्णता हा पहिला शत्रू. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच एक्केचाळीस अंशांच्या पुढे असते. उन्हाचा पारा चढला की ती पंख पसरून, चोच उघडून धापा टाकते. त्यातच अंड्याचे कवच पातळ पडते. उपाय खर्चिक नाहीत. सावलीत मातीची पसरट भांडी ठेवून दिवसातून दोन-तीनदा गार पाणी बदलावे. खुराड्यावर गवताचा थर घालून तो दुपारी भिजवावा. खाद्य पहाटे आणि सायंकाळी द्यावे, भर दुपारी नव्हे. उबवणीसाठी ठेवलेली अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या टोपलीत, घराच्या गार कोपऱ्यात सांभाळावीत आणि आठवड्याच्या आत कोंबडीखाली घालावीत. उन्हाळ्याच्या उकाड्यात अंड्यातील जीव उबेविनाच अर्धवट जागा होतो आणि मरतो. मग दोष कोंबडीला दिला जातो.

ज्येष्ठात पहिला पाऊस पडण्यापूर्वी खुराड्याची डागडुजी झाली पाहिजे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बांबूच्या फटींची तळजमीन, पश्चिमेकडील झडीची बाजू बंद आणि वरच्या भागात हवेला वाट, अशी रचना असावी. पावसाळ्यातील रोग बहुतांशी ओलीतून येतात. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि तीन-चार आठवड्यांची पिल्ले पंख मिटून, पेंगत मरतात. तूस रोज खाली-वर करावे, भिजलेले काढून टाकावे, थोडा चुना मिसळावा. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड माणसाला नको म्हणून पक्ष्यांना घालण्याची सवय मोडली पाहिजे. ते विष पिल्लांच्या यकृतावर जाते. पावसाच्या आधी आणि नंतर जंताचे औषध द्यावे.

याच काळात पाड्यावरील जुन्या शहाणपणाचा प्रत्यय येतो. मडक्यात शेण आणि काडीकचरा भरून ते वाळवीच्या जागी पालथे घालतात. रात्रीतून त्यात वाळवी भरते आणि सकाळी ती पिल्लांपुढे झाडतात. वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिने विनामूल्य मिळतात. पिल्ले पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवून कणी घालण्याची पद्धतही तितकीच मोलाची. मुंगूस, बोका, कावळा आणि घार यांचा घाला याच वयात पडतो.

कार्तिकापासून पौषापर्यंत दिवस लहान होतात आणि अंडी कमी होतात. कोंबडीचे अंडे देणे प्रकाशावर अवलंबून असते, हे ठाऊक नसल्याने या दिवसांत चांगली तलंग कापली जाते. हिवाळा हा पिल्ले काढण्यास अनुकूल काळ. मात्र रात्री ऊब हवी आणि ऊब द्यायची म्हणून खुराड्यात धूर कोंडू नये. उवा-पिसवांसाठी राख, कोरडी माती आणि कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा यांचा खड्डा करून द्यावा. कोंबडी स्वतः त्यात न्हाते. खुराड्याच्या लाकडी फटींत दिवसा लपणारे आणि रात्री रक्त पिणारे बारीक किडे उकळत्या पाण्याने मारावेत.

जेथे पाला-मुळी थांबते

एवढे सारे केले आणि एक गोष्ट राहिली, तर सगळे व्यर्थ जाते. ती गोष्ट म्हणजे मानमोडी. शास्त्रीय ग्रंथांत तिचे नाव राणीखेत. कुमाऊँमधील त्या गावावरून ते पडले. हिरवी हगवण, धाप, लुळे पंख, वाकडी झालेली मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. हा विषाणूचा रोग आहे. हळद, लसूण, तुळस पक्ष्याच्या सामान्य प्रकृतीसाठी अवश्य द्यावी, पण मानमोडीवर त्यांचा इलाज चालत नाही. मानमोडी झाल्यावर कोणतेच औषध नाही. होण्यापूर्वी लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर टोचून. पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित. लस देणे निसर्गाच्या विरुद्ध नाही. पक्ष्याच्या अंगी असलेल्या प्रतिकारशक्तीलाच ती आगाऊ वर्दी देते.

मग ही लस पाड्यावर का पोचत नाही? अडचण पैशाची नाही, संघटनेची आहे. एका कुपीत शंभर वा त्याहून अधिक पक्ष्यांची लस असते. ती बर्फात आणावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर साधारण दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराने ती कशी आणावी? परंतु दहा-पंधरा घरांनी एक संध्याकाळ ठरवली, एकाने तालुक्याच्या दवाखान्यातून थर्मासमध्ये कुपी आणली आणि पक्षी खुराड्यात शिरताच थेंब घालणाऱ्या दोन भगिनी तयार असल्या, तर तासाभरात सारा पाडा सुरक्षित होतो. जे काम एका घराला अशक्य, ते पाड्याला सहज शक्य आहे.

झाकलेले कोंबडे

उलट, एकाचे दुर्लक्ष सर्वांना भोवते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूर परिसरातील पक्ष्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याचे जाहीर झाले. देशातील ती पहिली नोंद होती. व्यावसायिक शेडमधील लक्षावधी पक्षी नष्ट करण्यात आले आणि परसातील कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळील मुरुंबा येथे आणि पाठोपाठ पुन्हा नवापुरात तेच संकट आले. मोठ्या शेडच्या मालकाला पुन्हा उभे राहण्यास बँक असते. पाड्यावरील बाईला चार पिल्लांपासून आरंभ करावा लागतो.

रोगाची चाहूल लागताच उरलेले पक्षी घाईने बाजारात नेऊन विकणे, मेलेले ओढ्यात टाकणे, दवाखान्यास न कळवणे, ही रीत दारिद्र्यातून आली आहे. तिच्याविषयी रागापेक्षा समज हवी. परंतु कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. विकलेला आजारी पक्षी दुसऱ्या पाड्यावर रोग पोचवतो आणि तोच रोग पुढच्या बाजारातून परत येतो. म्हणून मेलेले पक्षी उघड्या हाताने हाताळू नयेत, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत आणि एकाएकी अनेक पक्षी मेले तर त्याच दिवशी कळवावे. बाजारातून आणलेला, अथवा न विकता परत आलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा.

बंधू-भगिनींनो, या कामाला मोठी योजना लागत नाही, उद्घाटन लागत नाही. फाल्गुनात, उन्हाळा तापण्यापूर्वी, प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या संपर्कातील एका पाड्यावर लसीची एक संध्याकाळ घडवून आणावी. पुढच्या फाल्गुनात पुन्हा जावे आणि खुराडी मोजावीत. त्यांत पक्षी उभे असतील, तर एखाद्या मुलीची वही त्या वर्षी वेळेवर आलेली असेल. कामाचा हिशेब तेवढा पुरे.