आधी क्षमा की आधी पश्चात्ताप?



ख्रिस्ती धर्मातील क्षमाविचारावर चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही काही पंडित नव्हे. तेव्हा ग्रंथाला हात घालण्यापूर्वी आपल्या इंदूरलगतच घडलेली एक हकीकत सांगतो.

उदयनगर भागात केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया आदिवासी व गोरगरिबांत काम करीत. बचत करा, सावकाराच्या दारी जाऊ नका, बँकेचे कर्ज मागा, असे त्या शिकवीत. ज्यांचा व्याजाचा धंदा बसू लागला त्यांना हे कसे रुचावे? २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये एका तरुणाने त्यांना सुऱ्याने भोसकले. पन्नासाहून अधिक वार झाले. करविते दुसरेच होते; जन्मठेप या तरुणाला झाली. त्याचे नाव आम्ही मुद्दामच घेत नाही.

तुरुंगात स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटत राहिले. पुढे २००२ साली मृत भगिनीची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. आईने तर, ज्या हातांनी लेकीला मारले, त्याच हातांचे चुंबन घेतले. कुटुंबीयांनी त्याच्या सुटकेसाठी सरकारकडे विनंती केली. २००६ साली तो सुटला आणि पुढल्या वर्षी केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले, त्या सोहळ्याला तोही हजर होता.

आता प्रश्न असा की, क्षमा आधी की पश्चात्ताप आधी? ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही. लूकच्या शुभवर्तमानात एके ठिकाणी, अपराध्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा करा, असे येशू सांगतो. आणि त्याच ग्रंथात, वधस्तंभावर असताना, ज्यांनी काहीच मागितले नाही त्यांच्यासाठी तो क्षमा मागतो. आम्हांस वाटते, क्षमा देणाऱ्याने थांबू नये आणि घेणाऱ्याने पश्चात्ताप टाळू नये. जक्कय नावाच्या जकातदाराची कथा पाहा. येशू आधी त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. मग तो जकातदार लुबाडलेले चौपट परत करीन म्हणतो. पश्चात्ताप म्हणजे नुसते डोळ्यांत पाणी नव्हे, परतफेडीची तयारी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मन पालटणे असा आहे. कॅथलिक मंडळी धर्मगुरूपुढे पाप कबूल करतात, प्रॉटेस्टंट थेट देवापुढे. पण मन पालटल्यावाचून दोघांचेही भागत नाही.

आणि क्षमा म्हणजे शिक्षामाफी नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. तो तरुण अकरा वर्षे तुरुंगात होताच.

दुसऱ्याचा न्याय करू नये, ही शिकवण मात्र आम्हांस सर्वांत अवघड जाते. कुसळ आणि मुसळ हे शब्द मराठी शुभवर्तमानात आहेत आणि आपल्या घरोघरीही. भावाच्या डोळ्यातले कुसळ काढूच नये, असे तेथे म्हटलेले नाही. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे तुला नीट दिसेल, असा तो क्रम आहे. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीवर दगड उचललेले लोक एकेक करून निघून गेले, तेही वडीलधाऱ्यांपासून. येशूने तिला दोषी ठरविले नाही, परंतु पुन्हा पाप करू नको असे बजावलेच.

हे सारे सांगताना आमची जीभ अडखळते, त्याचे कारण सांगून टाकतो. मागे आपल्या शिष्यवृत्तीसाठी एका मुलीचा अर्ज आला होता. गुण चांगले होते. वडील अफरातफरीबद्दल शिक्षा भोगीत होते. आम्ही समितीत होतो. नकार असा कोणी दिला नाही. ‘पुढे पाहू’ एवढेच म्हटले आणि कागद बाजूस सारला. बापाच्या गुन्ह्याचा निवाडा न्यायालयाने केला होता. मुलीचा आम्ही केला, आणि तोही चहा घेता घेता. तिची आई त्यानंतर आपल्या हळदीकुंकवालाही आली नाही.

वडील आता सुटून आले आहेत. मुलगी शिकतेच आहे, कशी ते तिचे तिला ठाऊक. तो अर्ज दप्तरात अजून आहे. आम्ही कालच पाहिला. येत्या सभेपुढे तो ठेवण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांजवळ मागतो, आणि त्यापूर्वी तिच्या घरी जाऊन येतो.