थांबण्याचा दिवस

प्रसूतीपूर्वी स्त्रीने काम केव्हा थांबवावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. परंतु वैद्यक त्याला एकच एक उत्तर देत नाही. बैठे काम करणारी, प्रकृतीने निकोप अशी स्त्री प्रसूतीच्या बरीच जवळपर्यंत काम करू शकते. डोक्यावरून विटांचे किंवा मातीचे ओझे वाहणारी, दिवसभर उभी राहणारी किंवा रक्तक्षयाने ग्रासलेली स्त्री मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबली पाहिजे; कारण जड ओझे आणि दीर्घकाळ उभे राहणे यांचा संबंध अकाली प्रसूतीशी आणि अपुऱ्या वजनाच्या अर्भकाशी असल्याचे आढळून आले आहे. इतके सांगून झाले की वैद्यक बाजूला होते. थांबण्याचा नेमका दिवस ठरवतात ते पगाराचे हिशोब आणि हजेरीचे कागद. दिल्लीसारख्या राजधानीतही याहून वेगळे घडलेले नाही.

जुन्या समाजात हा दिवस स्त्रीला एकटीने ठरवावा लागत नसे. पहिलटकरणीला सातव्या महिन्याच्या सुमारास माहेरी न्यावे, ही महाराष्ट्रातील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. डोहाळजेवण झाले की सुनेच्या हातातले काम सुटावे, अशी अपेक्षा असे. या रिवाजाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शेतमजूर स्त्रीच्या वाट्याला तो क्वचितच आला आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कोणी फारसे विचारतही नसे. तरीही त्यात एक सोय होती: थांबण्यासाठी स्त्रीला कोणाकडे अर्ज करावा लागत नव्हता. गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या, आणि तो अर्ज आला.

या अर्जाला कायद्याचा आधार द्यावा, हा विचार आंतरराष्ट्रीय पातळीवर १९१९ साली मान्य झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या त्या वर्षीच्या कराराने प्रसूतीनंतरचे सहा आठवडे कामाला बंदी केली. प्रसूतीपूर्वीचे सहा आठवडे मात्र बंदीचे नव्हे, तर हक्काचे ठरवले. म्हणजे वैद्यकीय दाखला दाखवून स्त्रीने काम सोडावे किंवा न सोडावे. त्याच करारात एक शहाणपणाचे कलम आहे. प्रसूतीची तारीख सांगण्यात डॉक्टरची वा सुइणीची चूक झाली, तर तेवढ्यावरून स्त्रीचा लाभ बुडू नये, असे ते सांगते. शेवटच्या मासिक पाळीपासून २८० दिवस मोजून ही तारीख काढतात आणि नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी मुले थोडीच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कलमाचे महत्त्व कळते.

भारतात ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक संमत झाले नाही. मुंबई इलाख्याने मात्र १९२९ मध्ये अशा स्वरूपाचा देशातील पहिला कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी, मुंबई विधिमंडळात या विधेयकावर चर्चा चालू असता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. याचा भार मुख्यतः शासनाने उचलावा हे त्यांना मान्य होते, परंतु तेवढ्यावरून मालकाला मोकळे सोडण्यास ते तयार नव्हते.

स्वतंत्र भारतात १९६१ साली प्रसूती लाभ कायदा झाला. त्यातील एक बारकावा येथे सविस्तर पाहण्याजोगा आहे. मूळ कायद्यात बारा आठवड्यांच्या रजेची वाटणी ठरलेली होती: प्रसूतीचा दिवस धरून आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे सहा. आधीचे आठवडे स्त्रीने घेतले नाहीत, तर ते वाया जात. नंतरच्या खात्यात जमा होत नसत. म्हणून लवकर थांबण्यात तिचा तोटा नव्हता. १९८८ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोडली. बारा आठवडे एकत्र, त्यांपैकी जास्तीत जास्त सहा आधी, असे नवे सूत्र जानेवारी १९८९ पासून लागू झाले. स्त्रीच्या इच्छेला वाव देणारी ही सुधारणा होती, यात शंका नाही. परंतु तिचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला. आता आधी घेतलेला प्रत्येक आठवडा बाळाजवळच्या दिवसांतून वजा होऊ लागला. पाय सुजलेले असताना, बसमध्ये उभ्याने प्रवास करीत अखेरच्या दिवसापर्यंत कचेरी गाठणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरू लागला. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि आधीची मर्यादा आठ आठवड्यांवर गेली. तरी बेरीज-वजाबाकीचे हे सूत्र तेच राहिले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच उतरले आहे. जो हिशोब स्त्रीने मांडायचा, त्यात तिच्या स्वतःच्या थकव्याचा रकाना कोठेच नाही.

तारीख सांगणे हेही नेहमी निर्धोक नसते. दिल्लीतील एका स्त्रीला आयुर्विमा महामंडळात सप्टेंबर १९८९ मध्ये साहाय्यकाची जागा मिळाली. ती डिसेंबरमध्ये प्रसूतीच्या रजेवर गेली, जानेवारी १९९० मध्ये प्रसूत झाली आणि फेब्रुवारीत, परिवीक्षा काळातच, तिला सेवामुक्त करण्यात आले. नोकरीपूर्वीच्या घोषणापत्रात शेवटच्या मासिक पाळीची तारीख तिने खरी सांगितली नाही, असा महामंडळाचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला कामावर परत घेण्याचा आदेश दिला आणि असले खासगी, संकोचात टाकणारे प्रश्न घोषणापत्रातून काढून टाकण्यास सांगितले. ज्या तारखेवरून विश्रांतीचा दिवस काढायचा, त्याच तारखेवरून मालकाला आपला खर्चही आधी काढता येतो, हे या प्रकरणाने दाखवले.

तथापि ही सारी स्त्री पगारपत्रकावरची आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या रस्त्यांवर चर खणणाऱ्या, रस्तेबांधणीच्या कामावर राबणाऱ्या स्त्रियांची नावे पगारपत्रकात नव्हती. ती मस्टरवर, म्हणजे रोजंदारीच्या हजेरीपटावर होती. वर्षानुवर्षे काम करूनही त्या कायम झालेल्या नव्हत्या. कायम स्त्री-कर्मचाऱ्यांना प्रसूतीची रजा मिळे; मस्टरवरील स्त्रीला न आलेल्या दिवसाची मजुरी नाही, एवढाच नियम. तिच्यापुढे ‘आधी किती, नंतर किती’ हा प्रश्न उद्भवतच नव्हता. थांबलेल्या दिवशी चूल थांबे. म्हणूनच ज्या शरीराला सर्वांत लवकर विश्रांती हवी, ते सर्वांत उशिरा थांबे.

या स्त्रियांची बाजू कामगार संघटनेने औद्योगिक न्यायाधिकरणापुढे मांडली. महानगरपालिकेचे म्हणणे असे की कायदा कायम सेवेतील स्त्रियांसाठी आहे, रोजंदारीवरील स्त्रियांना तो लागू होत नाही. १९९६ मध्ये न्यायाधिकरणाने सलग तीन वर्षे किंवा अधिक काळ काम केलेल्या मस्टरवरील स्त्रियांना कायद्याचे लाभ देण्याचा निवाडा दिला. उच्च न्यायालयात महानगरपालिकेला यश आले नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे ८ मार्च २००० रोजी निकाल लागला. ही तारीख आंतरराष्ट्रीय महिला दिनाची होती हा योगायोग असेल. न्यायाधिकरणाच्या निवाड्याच्या वर्षी जन्मलेली मुले तोवर बालवाडीच्या वयाची झाली होती, हा मात्र योगायोग नव्हे.

न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी लिहिलेल्या या निकालाचे मर्म साधे आहे. कायम आणि रोजंदारी असा भेद कायद्याच्या शब्दांत कोठेही नाही, मग तो मालकाने कोठून आणला? संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात न्याय्य व मानवी कार्यस्थितीबरोबर प्रसूतिसाहाय्याचा उल्लेख आहे. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचाही न्यायालयाने आधार घेतला. गर्भारपणाच्या पुढच्या अवस्थेत स्त्रीला कष्टाचे काम करण्यास भाग पाडता येणार नाही, कारण त्याने तिच्या आणि गर्भाच्याही प्रकृतीला अपाय होतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मूळ कायद्यातच याची एक तरतूद होती. प्रसूतीपूर्व सहा आठवड्यांच्या कालावधीच्या आधीचा एक महिना स्त्रीला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभ्याने करावयाचे काम देऊ नये, असे तेथे म्हटले आहे. मात्र त्यासाठी स्त्रीने स्वतः विनंती करावी लागते. कचेरीत अशी विनंती करता येते. चर खणण्याच्या कामावर हलके काम म्हणजे कोणते, हे मुकादमालाही सांगता येणार नाही.

खासगी बांधकामावरील स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी आहे. १९६९ मध्ये राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दी प्रदर्शनाचे बांधकाम चालू असता मजूर बायांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था त्यातून उभी राहिली. मूल जन्मल्यानंतरच्या प्रश्नाला मिळालेले ते उत्तर होते. जन्मापूर्वीच्या आठवड्यांना तेथे आजही सहज उत्तर सापडत नाही. प्रसूती लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेले असावे लागते. बुंदेलखंडातून आलेली बाई एका ठेकेदाराकडे दोन महिने दिल्लीत, दुसऱ्याकडे दीड महिना नोएडात आणि तिसऱ्याकडे गुरुग्रामात राबते, तेव्हा तिचे दिवस ८० च्या कितीतरी वर जातात आणि तरीही कोणा एकाकडे ते भरत नाहीत. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने कल्याण मंडळे निर्माण केली आणि प्रसूतिसाहाय्य त्यांच्या कामांत घातले. परंतु नोंदणीसाठी वर्षात ९० दिवसांचे काम दाखवावे लागते, ही अट नव्या संहितेतही कायम आहे, आणि मंडळे राज्यागणिक वेगळी आहेत. दिल्ली, उत्तर प्रदेश आणि हरियाना यांच्या सीमा ती बाई टेम्पोत बसून तासाभरात ओलांडते. तिचे दिवस त्या सीमांवर अडतात, आणि दाखला मिळेपर्यंत ती घमेले खाली ठेवत नाही.