ज्यांचे गाणे आपल्याला आवडत नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

अभ्यासवर्गात एका रॉक वाद्यवृंदाचा इतिहास सांगावयास मी उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु स्वतःस समाजवादी म्हणविणाऱ्या राजवटीने मूठभर केसाळ तरुणांची एवढी धास्ती का घ्यावी, हा प्रश्न केवळ संगीताचा नव्हे. तो आपला आहे.

२१ ऑगस्ट १९६८ रोजी वॉर्सा कराराच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि दुबचेक यांचा ‘मानवी चेहऱ्याच्या समाजवादा’चा प्रयोग चिरडला गेला. त्याच वर्षी प्राग शहरात मिलान ह्लावसा या सतरा वर्षांच्या तरुणाने मित्रांसह ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा वाद्यवृंद उभा केला. नाव अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा याच्या गाण्यावरून घेतलेले. वळण सायकेडेलिक रॉकचे. कर्कश वाद्ये, रंगविलेले चेहरे, प्रकाशाचे भ्रामक खेळ. राजकीय घोषणा मात्र नव्हती.

तरीही १९७० साली त्यांचा व्यावसायिक परवाना गेला आणि त्याबरोबर सरकारी वाद्येही गेली. योसेफ यानिचेक या यंत्रकुशल वादकाने जुन्या ट्रान्झिस्टरांतून ध्वनिवर्धक जुळविले. इव्हान यिरोउस हा कला-समीक्षक त्यांचा मार्गदर्शक झाला. पॉल विल्सन हा कॅनेडियन तरुण काही काळ इंग्रजीत गात असे. पुढे सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेट्स आला आणि चेक भाषेतच गाण्याचा आग्रह त्याने धरला. बंदी असलेला कवी एगॉन बॉन्डी याच्या कविता ते गाऊ लागले. मैफली आता खेड्यापाड्यांत, लग्नसमारंभाच्या निमित्ताने, चोरून होत.

मार्च १९७६ मध्ये धरपकड झाली. सप्टेंबरात प्रागच्या न्यायालयात चौघांना शिक्षा झाल्या. यिरोउसला अठरा महिने, ब्राबेनेट्सला आठ महिने. उरलेले दोघे त्याच वर्तुळातील इतर गायक. आरोप गुंडगिरीचा! त्याच वर्षी आपल्या देशातही आणीबाणी होती आणि आपले साथी तुरुंगात होते, हे विसरू नये.

खरी गोष्ट येथून सुरू होते. नाटककार वाक्लाव हावेल, तत्त्वज्ञ यान पातोच्का, दुबचेक-काळातील परराष्ट्रमंत्री यिर्जी हायेक यांसारखी माणसे या तरुणांच्या खटल्यामुळे एकत्र आली. त्यांत ख्रिस्ती श्रद्धावंत होते, तसेच पक्षातून काढलेले कम्युनिस्टही होते. ते संगीत त्यांतील बहुतेकांच्या रुचीचे नव्हते. पण गाणे हा गुन्हा ठरला तर उद्या विचारही गुन्हा ठरेल, हे त्यांनी ओळखले. जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ ही सनद प्रसिद्ध झाली. दीर्घ चौकशांनंतर मार्चमध्ये पातोच्का यांचे निधन झाले.

पुढे वाद्यवृंदातील माणसे बदलत गेली, पण स्वेच्छेने थोडीच! विल्सनला १९७७ साली देशाबाहेर काढण्यात आले. पोलिसांच्या छळाने ब्राबेनेट्सला देश सोडावा लागला. यिरोउस पुनःपुन्हा तुरुंगात गेला. या वाद्यवृंदाच्या सभासदांची यादी म्हणजे त्या राजवटीच्या दडपशाहीची नोंदवहीच होय. अखेर १९८८ साली, अधिकृत मंचासाठी तडजोड करावी की नाही या वादात, तो फुटला. जे पोलिसांना जमले नाही ते आपसांतील मतभेदाने घडले, हे आपल्याला चांगले समजावे!

१९८९ साली राजवट कोसळली आणि हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९९७ मध्ये, सनदेच्या विसाव्या वर्षी, जुने सहकारी पुन्हा एकत्र वाजवू लागले. ह्लावसा २००१ साली वारला.

साथींनो, आपल्या माणसासाठी मोर्चा काढणे सोपे असते. ज्याचे गाणे आपल्याला आवडत नाही, ज्याचा पेहराव खटकतो, ज्याला आपल्या पक्षाशी देणेघेणे नाही, त्याच्या बेडीची किल्ली मागायला आपण जातो का? भाकरी आणि स्वातंत्र्य यांत निवड करावयास सांगणारा समाजवाद आपला नव्हे, असे आपण नेहमी म्हणतो. त्या म्हणण्याची कसोटी येथेच आहे.